मदत हवी आहे : खानापुरात थंडी सोसणारा पाम कुठला लावू?

नमस्कार मंडळी. घर खानापूरला, गावाबाहेर. गेटच्या दोन्ही बाजूंना एकेक पाम लावायचं म्हणतोय. गेल्या वर्षी बेळगावातल्या एका नर्सरीतून बॉटल पामची दोन रोपं आणली. पावसाळाभर छान होती, डिसेंबर-जानेवारीत पानं करपून गेली. नर्सरीवाला म्हणाला, "थंडी लागली." आता तो 'विंडमिल पाम' घ्या म्हणतोय. वाचलं तर हा मूळ चीनकडचा, शून्याखाली १० अंशांपर्यंतसुद्धा तग धरणारा. पण आमच्याकडे बर्फ कुठला पडतोय? पहाटे पारा १०-१२ वर आला की आम्ही शेकोटी पेटवतो, एवढंच!

खरी शंका पावसाची आहे. जून ते सप्टेंबर नुसती झड. जमीन लाल, खाली जांभा, खड्डा खणला की पाणी तुंबतं. मुळं कुजूनच रोपं गेली असतील का, आणि थंडीचं नुसतं निमित्त?

आई म्हणते, विकतचं कशाला, भेरली माड लाव, आपल्या रानातलाच आहे. दिसतो देखणा, पण फुलोरा संपला की झाड मरतं, आणि फळांच्या रसानं अंगाला खाज सुटते. घरात लहान पोरं आहेत. शिंदी काटेरी, म्हणून नको.

खानापूर, जांबोटी, चंदगड भागात कुणी विंडमिल पाम जमिनीत लावलाय का? पावसाळ्यात टिकला का? उंचवटा करून लावावा की कुंडीतच ठेवावा? फोटो असेल तर टाका प्लीज.