रेसिडेन्सीला चाललोय, पण ऑइल पेंटिंग महिन्याभरात वाळणार कसं?

गोदाकाठी: नमस्कार मंडळी. मी पंचवटीतला, शाळेत ड्रॉइंग शिकवतो आणि उरलेल्या वेळात ऑइल पेंटिंग करतो. बडोद्याकडच्या एका रेसिडेन्सीत (चित्रकारांनी राहून काम करायची जागा) सिलेक्शन झालंय, एक महिना, राहणं-जेवण-स्टुडिओ त्यांचा, प्रवास आणि रंगसामान आपलं. शेवटी ओपन स्टुडिओ, म्हणजे लोकांना स्टुडिओत बोलावून काम दाखवायचं, आणि जाताना एक काम त्यांच्याकडे ठेवायचं. आता मी जाड थर लावतो, त्यात पावसाळा, पहिला थर वाळेपर्यंतच निम्मा महिना जायचा. इथूनच दोन-तीन कॅनव्हास अर्धे करून नेऊ का? आणि बिनपगारी रजा टाकण्याइतकं तिथे काही असतं का, हेडबाई विचारतायत कॅम्पला एवढे दिवस कशाला.

गेरूमाती: हेडबाईंचं काय चुकलं, आपल्याकडे कॅम्प म्हणजे रिसॉर्टवर तीन-चार दिवस, कॅनव्हास आयोजकांचा, चित्रही आयोजकांचंच, आणि सगळे आपलं हमखास जमणारं तेच काढतात कारण चुकायला वेळच नसतो. रेसिडेन्सीत तो वेळ मिळतो. दिल्लीचं खोज, ही कलाकारांची संस्था, १९९७ ला सुरू झालं ते वर्कशॉप म्हणूनच, विकायचं दडपण नाही, एकमेकांसमोर काम करायचं. त्यामुळे अर्धे कॅनव्हास अजिबात नेऊ नका, नाहीतर नाशिकचंच काम बडोद्यात बसून पुरं कराल. ओपन स्टुडिओत अर्धवट काम, स्केचबुक, भिंतीला चिकटवलेले कागद सगळं चालतं, लोक तेच बघायला येतात.

टर्पेंटाइनवाला: वाळण्याचं सांगतो. खालचा थर अ‍ॅक्रिलिकने करा आणि वर ऑइल. उलटं करू नका, ऑइलवर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, सुटून येतं. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग लवकर वाळतो, त्यात मँगनीज असतं, टायटॅनियम व्हाइट मात्र रेंगाळतो, तो पातळ ठेवा. रंगात मिसळायचं अल्किड मीडियम वापरलं तर अजून लवकर होईल. येताना कॅनव्हास स्ट्रेचरवरून (लाकडी चौकटीवरून) काढून मोठ्या व्यासाच्या पाइपवर गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर, आत ठेवली तर थर दबून सुरकुततो. पण जाड ओलं ऑइल गुंडाळायचंच नाही, ते सपाटच आणा.

घाटावरचा_रिक्षावाला: मी म्हणतो महिनाभर ऑइलचा हट्टच कशाला, कागद न्या. शिवाजी तुपे सरांच्या गावचे ना आपण, त्यांच्या जलरंगात घाटावरच्या पायऱ्यांचं ओलं ऊन बघा, कोरा सोडलेला कागदच चमकतो, त्याला कुठे टायटॅनियम लागलंय. जाड थरवाल्याने एकदा तरी पांढरा रंग बंद करून बघावा (हे जरा चिडवायला, राग मानू नका).

गेरूमाती: एक राहिलं, ते "एक काम ठेवायचं" नीट वाचा. साइज कुठली, निवडणार कोण, पुढे विकलं तर तुम्हाला काही मिळणार का, कॉपीराइट तुमच्याच नावावर राहील ना, हे मेलवर लेखी घ्या, तोंडी नको. त्यांना राग येत नाही, चांगले लोक उलट आधीच अ‍ॅग्रीमेंट पाठवतात.

गोदाकाठी: मेल टाकला आत्ताच. कॅनव्हास एकच कोरा नेतो, बाकी कागद आणि अंबरची मोठी ट्यूब. रिक्षावाले, पांढरा पण घेतोय हां, छोटी ट्यूब 😄 हेडबाईंना अ‍ॅग्रीमेंट दाखवतो, कागद दिसला की त्या जरा ऐकतात.