दारूबंदीच्या जिल्ह्यात ‘गुन्हे वाढले’ म्हणजे नेमकं काय वाढलं?

वर्धेकर:
पेपरात मोठ्ठा मथळा: ‘जिल्ह्यात गुन्हेगारीचा आलेख चढताच’. आत पाहिलं तर आकडा दाखल गुन्ह्यांचा, तोही दारूबंदीच्या केसेस धरून. यवतमाळात जी बाटली दुकानात मिळते, ती वर्ध्यात किंवा गडचिरोलीत सापडली की गुन्हा. ठाणेदारानं महिनाभर मोहीम काढली की आकडा फुगतो. चंद्रपुरात एप्रिल २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. तिथले एकूण गुन्हे वर्षावर्षाला लावून पाहणार कसे?

शिवारातला:
फुगते हे बरोबर हाय भाऊ, पण आटते त्याचं काय? आमच्या शिवारातून मोटारपंपाची केबल चोरी जाते. ठाण्यात गेलं का म्हणतात, अर्ज देऊन ठेवा. एफआयआर नाही म्हणजे चोरीच नाही! दखलपात्र गुन्हा असला का एफआयआर घ्याच लागते, असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मंदी ललिता कुमारी प्रकरणात सांगतलं. इथं कोण आयकते? आकडा वाढला त मले बरंच वाटते.

बचतगटवाली:
दारूच्या केसेस बाजूला काढा म्हणणाऱ्यांचं नवल वाटतं. घरात पिऊन मारतो, ती तक्रार ठाण्यापर्यंत जातच नाही. बायकांनी मोहाचा सडवा (दारू गाळायला सडवलेली मोहफुलं) पकडून दिला, तेवढीच नोंद. तीही मोजायची नाही?

वर्धेकर:
मोजा ना ताई, पण वेगळी मोजा. देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे छापणारी एनसीआरबीसुद्धा दंड संहितेचे (१ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे) गुन्हे वेगळे आणि विशेष व स्थानिक कायद्यांचे वेगळे दाखवते. दारूबंदी दुसऱ्यात. बातमीत सरळ बेरीज. शिवाय एकाच एफआयआरमध्ये खून आणि घरफोडी असली, तर मोजणीत येतो फक्त खून.

तालुका वार्ताहर:
प्रेसनोट रात्री येते, मथळा डेस्कवाले देतात, शिव्या आम्ही खातो. खून दोनाचे चार झाले तर ‘दुप्पट’ लिहिणं खोटं आहे का?

वर्धेकर:
खोटं नाही. पण आधीच्या वर्षांत कधी तीन, कधी पाच असतील तर तेही छापा. आणि लाखामागचा दर देता, त्याची लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेवरून काढलेला अंदाज आहे.

तालुका वार्ताहर:
दारूबंदीचा आकडा पुढच्या वेळी वेगळा मागतो. केबलचोरीच्या अर्जाची पोच आहे का कुणाकडे? दहा-बारा जमल्या तरी बातमी होते.

शिवारातला:
पोच कोण देते, भाऊ?