अनुभव धागा: राउटरच्या दांड्या आणि आतली खोली

रामबागकर
समोरच्या गच्चीवर दूरदर्शनच्या जमान्यातला अँटेना अजून उभा आहे. "आलं का?" "थोडं उजवीकडे!" आतल्या खोलीत वायफाय पोचावं म्हणून तोच खेळ आता राउटरशी. दोन्ही दांड्या आभाळाकडे नकोत. लहरी दांडीभोवती मेदूवड्यासारख्या पसरतात, टोकाकडे जवळपास शून्य. त्याच मजल्यासाठी एक उभी, वरच्या खोलीसाठी दुसरी आडवी. लिहा आपापलं.

सराफ्यातली सुमी
आधी राउटर फ्रिजमागून काढा. लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी, सगळे वैरी. घराच्या मध्यावर, डोक्याइतक्या उंचीवर. बाकी नंतर, कुकर झाला.

जेलरोड
जादा अँटेना घेताना कनेक्टरच्या आत बघा. वायफाय राउटरवर बहुधा आरपी-एसएमए जातीचा कनेक्टर: बाहेरून आटे, मध्ये पिन. अँटेनाच्या नटात मग भोक हवं. सिमच्या गेटवेवर (मोबाइलच्या सिमवर चालणारा राउटर) सहसा साधा एसएमए, तिथे उलट. भोकाला भोक आलं तर आटे मस्त बसतात, संपर्क मात्र नाही. पिनला पिन आली तर पिनच वाकते.
आणि तार! पातळ आरजी-१७४ तार मीटरमागे दोनेक डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचं माप) खाते. ५ डीबीआयची (म्हणजे ५ डेसिबल वाढ देणारी) अँटेना ३ मीटर तारेवर लावली तर हातात उणे एक.

सराफ्यातली सुमी
म्हणजे पैसे देऊन तोटा 😄

लष्करवाला
आमच्या ग्वाल्हेरच्या दगडी भिंतींना अँटेना काय करणार? कॅट-६ नेटवर्क वायर ओढा (१०० मीटरपर्यंत चालते), आत दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा) करून. नाव-पासवर्ड तोच, चॅनेल वेगळा: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ३ वर ठेवलं तर १ आणि ६ दोघांशी भांडण.

पोहेजिरावन
फॉइलचा जुगाड कुणीच नाही सांगितला? पुठ्ठ्यावर फॉइल चिकटवून दांडीमागे ३ सेंमीवर, लहर पुढे ढकलायला.

जेलरोड
२.४ गिगाहर्ट्झला ठीक. लहर १२.५ सेंमी, ३ म्हणजे साधारण पाव. पण ५ गिगाहर्ट्झला तेच अंतर अर्धी लहर होतं, परतलेली लहर समोरच्या बाजूला मूळ लहरीलाच मारते. तिथे दीड सेंमीच्या आत. आणि फॉइलच्या पाठीमागची खोली गेलीच समजा.

पोहेजिरावन
भिया, पाठीमागे सासूबाईंची मालिका चालते!

सराफ्यातली सुमी
मग फॉइल पोळ्यांना परत.

पोहेजिरावन
गोंद लागलाय त्याला.