अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चहावरच्या करामुळे झालं का?

घाटवाट:
शाळेत आपण एका ओळीत शिकलो: इंग्रजांनी चहावर कर लावला, अमेरिकेतल्या त्यांच्या वसाहतींनी चहा समुद्रात फेकला, युद्ध पेटलं. मला हे पटत नाही. १७६५च्या स्टॅम्प कायद्यावर (छापील कागदपत्रांवरचा कर) दंगे झाले, इंग्रजी मालावर बहिष्कार पडला आणि वर्षभरात संसदेने कायदा मागे घेतला. न्यूयॉर्ककरांनी तर त्या आनंदात राजा तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा बसवला. म्हणजे भांडण मिटत होतं.

काडी पडली ती १७७४ला. १६ डिसेंबर १७७३च्या रात्री बॉस्टनच्या धक्क्यावर तीन जहाजांतल्या ३४२ पेट्या कुऱ्हाडीने फोडल्या गेल्या. ओहोटी होती, चहाचे ढीग जहाजांच्या कडेला साचले, ते लोटून लोटून पाण्यात घालवावे लागले. हे करणारे मूठभर. शिक्षा मात्र अख्ख्या गावाला! १७७४ला संसदेने कायदाच केला: भरपाई मिळेपर्यंत बंदर बंद. ज्या हमालाने, कोळ्याने चहाला हातही लावला नव्हता, त्याची चूल विझली. मग दक्षिण कॅरोलिनातून तांदूळ आला, कनेक्टिकटमधून मेंढरं आली. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या वसाहती या कोंडीने जवळ आणल्या.

जुनाकोट:
असहमत. १७७३च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त झाला होता, पोट दुखलं ते चोरटा चहा आणणाऱ्या व्यापाऱ्यांचं. १७६३च्या फर्मानाने ॲपलाचियन डोंगरापलीकडे वस्तीला मनाई झाली, तेव्हा जमिनीत पैसे घालणारे बिथरले. वॉशिंग्टनही त्यातलेच. आणि नोव्हेंबर १७७५मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर म्हणाला, बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते मुक्त. त्यावर तिथले मळेवाले खवळले. कोणाचं स्वातंत्र्य म्हणायचं हे?

घाटवाट:
गुलामगिरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो डाग पुसता येत नाही. पण तारखा बघा. लेक्सिंग्टनला युद्धाचं पहिलं रक्त सांडलं १९ एप्रिल १७७५ला, डनमोर त्यानंतरचा. आणि स्वस्त चहातच तर मेख होती. पौंडामागे तीन पेन्स कर शिल्लक होताच. तो चहा मुकाट्याने प्यायचा म्हणजे संसदेचा कर लावायचा हक्क कबूल करायचा.

सांजवारा:
तुम्ही दोघंही युद्ध आणि स्वातंत्र्य एकच धरताय. लेक्सिंग्टन झालं, बंकर हिलची लढाई झाली, तरी जुलै १७७५मध्ये फिलाडेल्फियाच्या काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजाला विनंतीअर्ज धाडला. भांडण संसदेशी, राजा मायबाप, अशी समजूत होती. राजाने तो अर्ज हातातही घेतला नाही आणि ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवलं. मग जानेवारी १७७६मध्ये थॉमस पेनच्या पुस्तिकेने साध्यासुध्या भाषेत थेट राजेशाहीवरच घाव घातला. वेगळं व्हायचं हे लोकांच्या तोंडी आलं ते तेव्हा.

घाटवाट:
सांजवारा, हे माझ्याकडून सुटलं होतं. ९ जुलै १७७६ला न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला आणि त्याच दिवशी लोकांनी तो पुतळा दोर लावून पाडला. पुढे त्याच्या शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. पण बॉस्टनची कोंडी झाली नसती तर गोष्ट इथवर आली नसती, यावर मी ठाम आहे.

जुनाकोट:
त्याच न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८२७ला. पुतळा पडल्यावर ५१ वर्षांनी.