हिरवं, केशरी, निळं कोरलाइन : दुर्मिळ रंग की बत्तीची करामत?

खारटपाणी, पुणे

रीफ टँकवाल्यांत, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांत, हल्ली नवं खूळ शिरलंय. नखाएवढा दगडाचा तुकडा, त्यावर कोरलाइन या कडक शैवालाचा ठिपका, त्याला 'मिंट ग्रीन' नाहीतर 'निऑन ऑरेंज' असं गोंडस नाव आणि किंमत झोआ या रंगीत, प्रवाळासारख्या प्राण्याच्या चांगल्या फ्रॅगएवढी (फ्रॅग म्हणजे लावायला तोडलेला तुकडा). फोटो झाडून सगळे निळ्या बत्तीखालचे. माझं मत सरळ सांगतो: 'दुर्मिळ रंग' म्हणून जे विकलं जातंय, त्यातलं बरंचसं एकतर बत्तीची करामत असतं, नाहीतर आजारी कोरलाइन असतं, नाहीतर मुळात कोरलाइनच नसतं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: कोरलाइन हे लाल शैवालांच्या गटातलं. पेशींच्या भिंतींत चुना साठवतं आणि दगडावर, काचेवर, पंपावर कडक पापुद्रा धरतं. जांभळा-गुलाबी रंग येतो तो मुख्यतः फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळे. हे द्रव्य हिरवा उजेड शोषतं आणि त्यातला थोडा नारिंगी चमक म्हणून परत सोडतं, साधारण ५७५ ते ५८० नॅनोमीटरच्या आसपास. आता आपल्याकडे संध्याकाळी ४५० नॅनोमीटरची रॉयल ब्लू एलईडी पेटते आणि मोबाइलवर नारिंगी फिल्टर चढतो. निळा सगळा गाळला जातो, उरते ती चमक. साधं जांभळं कोरलाइनसुद्धा त्यात केशरी झाक मारणारच.

हिरव्याची गोष्ट त्याहून वाईट. नवी एलईडी पहिल्या दिवसापासून फुल्ल लावली किंवा अल्क, म्हणजे पाण्याची क्षारता, खाली-वर झाली, की फायकोएरिथ्रिन आधी उतरतं. हरितद्रव्य मागे राहतं आणि पापुद्रा फिका पडत हिरवट दिसायला लागतो. पुरता मेला की पांढरा होतो आणि मग पुन्हा हिरवा, कारण चुन्याच्या आत ऑस्ट्रिओबियमसारखी पोखरणारी हिरवी शैवालं राहतात. म्हणजे 'मिंट ग्रीन'च्या नावाखाली तुम्ही मढं विकत घेताय.

मागणी एकच. विकणाऱ्याने पांढऱ्या बत्तीत, फिल्टरशिवाय काढलेला एक फोटो द्यावा.

निळीबत्ती, ठाणे

पांढऱ्या बत्तीतला रंग तेवढा खरा, हे कोणी ठरवलं? समुद्राचं पाणी लाल उजेड वरच्या काही मीटरांतच खाऊन टाकतं. पंधरा-वीस मीटरवर सगळा कारभार निळ्यातच चालतो. बहामाजमध्ये सान साल्वादोरजवळ तब्बल २६८ मीटर खोलीवर कोरलाइन सापडलं होतं, १९८५ मध्ये ते संशोधन छापून आलं. तिथे पृष्ठभागावरच्या उजेडाचा जेमतेम ०.०००५ टक्के भाग पोहोचतो. त्या बिचाऱ्याला तुमची पांढरी ट्यूबलाइट कधी दिसणार होती?

मी टँकसमोर बसतो ते ऑफिसातून आल्यावर, निळ्या उजेडातच. तेव्हा जे दिसतं त्याचे मी पैसे मोजतो. ॲक्रोपोरा प्रवाळ निळ्याखालीच विकतात, तिथे कोणी ओरडत नाही. शैवालाच्या वेळीच का पोटात दुखतं?

खारटपाणी, पुणे

दुखतं, कारण ॲक्रोच्या चमकेला त्याची स्वतःची प्रथिनं असतात. एका कॉलनीत असतात, दुसरीत नसतात. त्या फरकाचे पैसे रास्त आहेत. फायकोएरिथ्रिन सगळ्याच कोरलाइनमध्ये आहे. तुमच्या मागच्या काचेवरचं फुकटचं जांभळं त्याच बत्तीत तसंच चमकत असेल, तर त्या तुकड्यात नवीन काय विकलं?

सम्पवाली, नाशिक

खारटपाणी, उजेडाचं तुम्ही म्हणता ते मान्य, पण तुम्ही एका काठीने सगळ्यांना हाकताय. माझ्या डिस्प्लेमधल्या (बघायच्या मुख्य टँकमधल्या) एकाच दगडावर, एकाच बत्तीखाली दोन पापुद्रे अगदी खेटून वाढलेत. एक फिका लिलॅक, पातळ, कडा पांढरी. दुसरा विटकरी लाल, जाड, वर बारीक बारीक गाठी. दोघे भेटतात तिथे दोऱ्याएवढी पांढरी रेघ आहे, आणि जाड्याची कडा उचलून पातळ्याच्या अंगावर चढतेय. पाणी तेच, अल्क तीच, उजेड तोच. मग रंग वेगळा कसा? जात वेगळी म्हणून.

शिवाय सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या गाळणीच्या टाकीत, पाण्यातली घाण काढणाऱ्या स्किमरच्या मागे, जिथे बत्ती जवळजवळ पोहोचतच नाही, तिथे मोहरीच्या पिवळ्याकडे झुकणारा एक पट्टा आहे. तो मी साध्या टॉर्चच्या पांढऱ्या उजेडात पाहिलाय, फिल्टर-बिल्टर काही नाही. त्याला तुम्ही आजारी म्हणणार? इतकी वर्षं तो हळूहळू पसरतोच आहे.

किनारेकर, रत्नागिरी

एवढं भांडता कशाला? ओहोटीला खडकांत उतरा, डबक्यांत गुलाबी, लाल, राखाडी हवं तसं मिळतं. खिशात एक दगड टाकायचा आणि टँकमध्ये सोडायचा. फुकट.

भिंगवाला, कोल्हापूर

किनारेकर, हा सल्ला इथे नको. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, आणि 'लाइव्ह रॉक' (जीव चिकटलेला दगड) म्हणून जे उचललं जातं ते पुष्कळदा प्रवाळाचा सांगाडाच असतो. मालवणचा तर काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. नखाएवढ्या गुलाबी रंगापायी कोर्टाची पायरी चढायची का? त्यातून त्या दगडाबरोबर कोणता खेकडा नि कोणता किडा घरात येईल, ते वेगळंच.

आता मूळ वाद. सम्पवालींचा विटकरी पापुद्रा खरा कोरलाइन असण्याची शक्यता चांगली आहे. पिवळ्या पट्ट्याबद्दल मात्र मी आधी एक प्रश्न विचारेन: ब्लेडने कडा उचलली तर काय होतं? कोरलाइन काचेला घट्ट चिकटलेलं असतं, खरवडताना करकर आवाज येऊन चुऱ्यासारखं निघतं. पानासारखी कडा सुटली आणि खालच्या बाजूला बारीक तंतू दिसले, तर ते पेसोनेलिया असू शकतं. तेही लाल शैवालच, तेही चुना धरतं, पण कोरलाइन नव्हे. मरून, सोनेरी, केशरी अशा छटा त्याला सहज येतात. लोक ज्याला 'ऑरेंज कोरलाइन' म्हणून मिरवतात, त्यात हे गडी बरेच असतात. व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे बघायची युक्ती इथे कामाची नाही, दोन्हींत कार्बोनेट असल्यामुळे दोन्हींवर बुडबुडे येतात.

दहापट भिंग असेल तर पृष्ठभागावर फोडांसारखे उंचवटे शोधा. कोरलाइनचे बीजाणू त्यांतच तयार होतात, आणि त्यांना वर एक छिद्र आहे की चाळणीसारखी अनेक, यावरून गणाचा अंदाज येतो. जात ठरवायला बऱ्याचदा डीएनएशिवाय गत्यंतर नसतं. म्हणून 'मिंट ग्रीन' ही जात असल्यासारखं विकणाऱ्याला मीही हात जोडतो.

आणि केशरीवर भाळणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवा: १९९३ मध्ये पॅसिफिकमधल्या कुक बेटांवर कोरलाइनचा एक जिवाणूजन्य रोग आढळला. भडक नारिंगी पट्टा पुढे सरकत जातो आणि मागे पांढरा, मेलेला पापुद्रा उरतो. टँकमध्ये प्रत्येक नारिंगी कडा म्हणजे तोच रोग, असं मी म्हणत नाही. पण पट्टा सरकतोय आणि मागे पांढरं पडतंय, असं दिसलं तर तो तुकडा वेगळा काढा.

हडसनकाठी, न्यू जर्सी

इकडे कोरलाइन बाटलीतून मिळतं, दुकानात लाइव्ह रॉकही मिळतो, तरी रंगांचं वेड आहेच. पैसे ज्याचे त्याचे. माझा आक्षेप वेगळा आहे. रंगाच्या मागे धावणाऱ्या निम्म्या लोकांच्या टँकमध्ये साधं जांभळंही नीट धरत नाही. पाण्यात कॅल्शियम ४२० पीपीएम, अल्क ८ डीकेएच (हे अल्क मोजायचं एकक), मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे स्थिर. हे जमलं की कुठल्या ना कुठल्या फ्रॅगबरोबर आलेल्या दोन-तीन जाती आपोआप डोकं वर काढतात. सावलीतला गडद, उजेडातला फिका, असा खेळ मग फुकटात बघायला मिळतो.

निळीबत्ती, ठाणे

म्हणजे रंग असतात, हे शेवटी तुम्ही सगळ्यांनी कबूल केलंत.

खारटपाणी, पुणे

रंग नसतात असं मी कधी म्हटलं? नखाएवढ्या ठिपक्याला फ्रॅगचा भाव लावण्याइतके ते दुर्मिळ किंवा टिकाऊ नसतात, एवढंच म्हटलं. सावलीतलं कोरलाइन उजेडासाठी रंगद्रव्य वाढवतं, म्हणून गडद दिसतं. तेच वर आणून लावा, फिकं पडेल. विक्रेत्याच्या सम्पमधला विटकरी तुमच्या बत्तीखाली विटकरी राहीलच, याची हमी कोण देणार?

सम्पवाली, नाशिक

मग करून बघू. माझ्या विटकरी पापुद्र्याचे एकाच जागचे दोन तुकडे काढते. एक माझ्या सम्पमध्ये स्किमरमागे, दुसरा तुमच्या डिस्प्लेमध्ये वरच्या काचेजवळ. लिलॅकचेही तसेच दोन. तुमच्याकडे गेलेला विटकरी तुमच्या बत्तीत लिलॅकसारखाच होऊन बसला तर तुमचं खरं. दोघे फिके पडूनही वेगळे ओळखू आले तर माझं. अट एवढीच की दोघांनी अल्क ८ वर ठेवायची आणि तुम्ही शैवाल खरवडणारी टर्बो गोगलगाय त्या बाजूला फिरकू द्यायची नाही.

खारटपाणी, पुणे

मंजूर. फोटो दर रविवारी, पांढऱ्या बत्तीत.

निळीबत्ती, ठाणे

आणि एक निळ्यात. माझ्यासाठी.