ठिबकणारा शॉवर घरच्या माणसाने दुरुस्त करावा, की प्लंबरची वाट पाहावी?

सुरंगी (धागाकर्ती)

गुहागर तालुक्यातील आमच्या जांभ्याच्या घराचे न्हाणीघर काही वर्षांपूर्वी नव्याने बांधले. त्या वेळी नळजोड भिंतीत गाडून, म्हणजे कन्सील्ड पद्धतीने, गरम व गार पाण्याचे दोन वेगळे कॉक आणि वर शॉवर अशी व्यवस्था करून घेतली. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत घर उघडले, तेव्हा कॉक घट्ट बंद करूनही शॉवर ठिबकत होता. रात्री खाली बादली ठेवली, तर दहा तासांत तिच्यात सहा लिटर पाणी साठले. या हिशेबाने दिवसाला चौदा लिटरांहून अधिक आणि वर्षाला पाच हजार लिटरांहून अधिक पाणी जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागातील माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे असे ठरवले आहे. म्हणजे त्या एका माणसाच्या वाट्याचा चौथा हिस्सा आमचा शॉवर कोणी वापरत नसतानाही सांडत होता.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही वैशाखात विहिरी तळ गाठतात, कारण सच्छिद्र जांभ्यातून पाणी झिरपून उतारावरून समुद्राकडे निघून जाते. तालुक्याच्या गावाहून एका वायसरसाठी यायला प्लंबर सहसा तयार होत नाही आणि तयार झाला तरी दोन-चार दिवसांनी येतो, यात त्याचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की, किनाऱ्यावरच्या गावांत राहणाऱ्या प्रत्येक घरातील निदान एका माणसाला, मग ती सून असो वा आजोबा, कॉक उघडून वायसर बदलता आला पाहिजे. विरुद्ध मत असणाऱ्यांनी ते जरूर मांडावे.

खाडीकाठ

ताई, तुमची कळकळ मला मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. दाभोळ खाडीच्या काठी आमचे घर आहे आणि तीन वर्षांपूर्वी मी स्वतः हाच उद्योग केला होता. न्हाणीघरातील कॉक उघडण्याआधी पाणी बंद करावे म्हणून गच्चीवर गेलो आणि टाकीखालचा गेट वॉल्व्ह फिरवला. तो वर्षानुवर्षे कोणी हलवलेला नव्हता. जोर लावताच त्याचा दांडा आतून तुटला, मात्र बाहेरची चक्री फिरत राहिल्याने वॉल्व्ह बंद झाला असेच मला वाटले. खाली येऊन मी स्पिंडल, म्हणजे कॉकच्या मुठीला जोडलेला आतला दांडा, सोडवला आणि हजार लिटरची भरलेली टाकी न्हाणीघरातून माजघरात आली. त्या दिवशी रविवार होता. आईच्या खोलीतील तांदळाची कणगी भिजली आणि भिंतीला आलेली ओल पुढच्या दिवाळीपर्यंत गेली नाही.

उघड्या नळाचे वायसर बदलणे आणि भिंतीत गाडलेला कॉक उघडणे या दोन कामांत मोठे अंतर आहे. उघड्या नळाची मान तुटली, तर नवा नळ बसवता येतो, परंतु कन्सील्ड कॉकची पितळी बॉडी पिळवटली, तर टाइल फोडून चिरा खणावा लागतो. हात बसलेल्या माणसाला किती जोर सोसेल हे कळते, आपल्याला ते कळत नाही. चौदा लिटर पाणी वाचवण्यासाठी भिंत पणाला लावणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

आगर

मी वेंगुर्ल्याचा आहे आणि माझा कल सुरंगीताईंच्या बाजूने आहे, मात्र खाडीकाठ यांनी सांगितलेला धोका खरा आहे. तो टाळण्याचा उपाय सोपा आहे. गच्चीवरचा वॉल्व्ह फिरवल्यावर खालचे सगळे नळ उघडून पाहावेत आणि पाणी पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत कॉकला हात लावू नये. पाणी थांबत नसेल, तर काम तेथेच सोडावे आणि आधी टाकीखाली चांगला बॉल वॉल्व्ह बसवून घ्यावा. तो दर महिन्याला एकदा फिरवत राहिले म्हणजे जाम होत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे बहुतेक लोक दुरुस्ती चुकीच्या जागी करतात. शॉवर ठिबकतो म्हणून शॉवरची चाळणीच बदलणारी किंवा तिच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे देणारी पाच-सहा घरे माझ्या माहितीत आहेत. चाळणी पाणी अडवत नाही, ते अडवण्याचे काम कॉक करतो. टेप आट्यांच्या सांध्यातून झिरपणारे पाणी थांबवते, कॉकच्या आतून सुटणाऱ्या पाण्यावर तिचा काहीही परिणाम होत नाही. आंघोळीनंतर काही मिनिटे शॉवर ठिबकला, तर तो दोषही नसतो, कारण चाळणीत आणि वाकड्या नळीत उरलेले पाणी हळूहळू बाहेर येत असते. अर्ध्या तासानंतरही थेंब पडत राहिले, तरच कॉक पाणी सोडतो असे समजावे.

दोन कॉक असतील, तर गीझरला जाणारे पाणी त्याच्या खालच्या अँगल कॉकने बंद करून पाहावे. थेंब थांबले, तर दोष गरम बाजूच्या कॉकमध्ये असतो, चालूच राहिले तर गार बाजूच्या. हे करण्यापूर्वी गीझरची वीज मात्र न विसरता बंद करावी. ज्यांच्याकडे वॉल मिक्सर, म्हणजे गरम व गार पाणी एकत्र करून बादलीत किंवा शॉवरला सोडणारा नळ, आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी : खालून बादलीत पाणी सोडले असतानाच वरचा शॉवर ठिबकत असेल, तर बिघाड डायव्हर्टरचा, म्हणजे पाणी खाली की वर जाणार हे ठरवणाऱ्या भागाचा, असतो आणि दोन्ही बाजूंचे स्पिंडल कितीही वेळा बदलले तरी तो जात नाही.

समुद्रकाठी एक अडचण नेहमी येते. मुठीच्या टोपणाखालचा स्क्रू लोखंडी असतो आणि स्पिंडल पितळेचा. खाऱ्या दमट हवेत हे दोन धातू एकमेकांना लागून राहिले, की लोखंड लवकर गंजते आणि स्क्रू स्पिंडलला धरून बसतो. तो पक्कडीने ओढण्यापेक्षा रात्री त्यावर रॉकेलचे दोन थेंब सोडून सकाळी सोडवावा आणि परत बसवताना स्टेनलेस स्टीलचा लावावा.

जांभा

मला या चर्चेचा पायाच पटत नाही. आपल्याकडे मोरीचे पाणी पूर्वीपासून पाटाने माडांना आणि केळींना जाते. शॉवरमधून रात्री सहा लिटर पाणी पडले, तर सकाळी ते माडाच्या आळ्यातच पोहोचते, मग ते वाया गेले असे कसे म्हणता येईल? पंपाच्या विजेचा हिशेब केला, तरी चौदा लिटर पाणी दहा मीटर वर चढवायला लागणारी वीज नगण्य असते. खरा प्रश्न जांभ्याच्या भिंती खणून त्यात नळ गाडण्याच्या हौसेचा आहे. आमच्या घरात नळ भिंतीवरून उघडे नेले आहेत. ते दिसायला शोभिवंत नाहीत, पण गळती कुठे आहे हे लहान मुलालाही दिसते आणि दुरुस्ती मीच करतो. ताईंनी कॉक दुरुस्त करण्यापेक्षा ती जोडणी बंद करून बाहेरून नवी घ्यावी.

सुरंगी

जांभा, मोरीचे पाणी आगराला जाते ही आपली चांगली रीत आहे आणि जुन्या मोरीचे पाणी आम्हीही तसेच सोडतो. नव्या न्हाणीघराचे पाणी मात्र शोषखड्ड्यात जाते, माड तिथून लांब आहेत. शिवाय आमचे घर वर्षातले आठ-नऊ महिने बंद असते. टाकी भरून ठेवून आम्ही मुंबईला जातो, कारण शेजारच्या काकू अधूनमधून येऊन तुळशीला आणि फुलझाडांना पाणी घालतात. ठिबकणाऱ्या शॉवरमुळे ती टाकी रिकामी होते आणि ऐन उन्हाळ्यात काकूंना विहिरीवरून कळशी आणावी लागते. त्यांचे वय सत्तरच्या पुढे आहे. मला पाण्याच्या आकड्यापेक्षा ही गोष्ट अधिक लागते.

विजेबद्दल तुमचे म्हणणे गार पाण्यापुरते बरोबर आहे. गरम बाजूचा कॉक ठिबकत असेल आणि गीझर सतत चालू असेल, तर चौदा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला रोज अर्धा युनिट वीज जाते. सारी जोडणी नव्याने घेणे आज आम्हाला परवडणारे नाही.

आगर यांनी सांगितल्याप्रमाणे परीक्षा केली. गीझरचा अँगल कॉक बंद केल्यावरही थेंब पडतच राहिले, म्हणजे दोष गार बाजूच्या कॉकमध्ये आहे. टाकीखाली बॉल वॉल्व्ह आहे आणि तो व्यवस्थित बंद होतो. उद्या सकाळी कॉक उघडणार आहे.

खाडीकाठ

उघडणारच असाल, तर दोन गोष्टी कृपया पाळा. स्पिंडल एका पान्याच्या हलक्या जोराने सुटला नाही, तर पान्याला पाइप लावून जोर वाढवू नका. आणि परत बसवताना ठिबकणे थांबावे म्हणून मूठ आवळत बसू नका, कारण अति आवळल्याने नवा वायसरही कापला जातो आणि तो ज्या कडेवर टेकतो ती सीट झिजते. आमच्याकडे वडिलांनी रोज आवळून आवळूनच कॉक निकामी केला होता.

आगर

याला मी पूर्ण दुजोरा देतो. स्पिंडल बसवताना त्यावरच्या ओ-रिंगला गाडीचे ग्रीस किंवा इंजिनचे तेल मात्र लावू नये. पाण्याच्या नळातील काही रबरे खनिज तेलाने फुगतात आणि मूठ जड होते. दुकानात सिलिकॉन ग्रीस मिळते, ते बोटभर पुरते. वायसर घ्यायला जाताना जुना स्पिंडलच सोबत न्यावा. अर्धा इंची म्हणून मागितलेल्या दोन स्पिंडलांची लांबी आणि मुठीचे दाते वेगवेगळे असू शकतात, आणि तालुक्याला दोनदा जाणे कोणालाच नको असते.

सुरंगी

काल काम केले. मुठीचा स्क्रू रॉकेलने सुटला, स्पिंडलही सहज सुटला. वायसर दगडासारखा कडक झाला होता आणि त्यावर सीटच्या कडेची गोल खाच उमटली होती. नवा वायसर बसवून रात्री पुन्हा बादली ठेवली, तर सकाळी तिच्यात सुमारे अर्धा लिटर पाणी होते. सहा लिटरांवरून अर्ध्यावर आले याचा आनंद झाला, पण थेंब पूर्ण थांबलेला नाही. टॉर्च धरून आत पाहिले, तेव्हा सीटच्या कडेला एका ठिकाणी बारीक खळगा दिसला.

खाडीकाठ

म्हणजे सीट खराब आहे. ती भिंतीतील बॉडीचाच भाग असल्याने स्पिंडल बदलून ती सुधारत नाही. तिची कड घासून सपाट करण्यासाठी सीट कटर नावाचे अवजार लागते आणि ते प्लंबरकडेच असते. ते ओबडधोबड हाताने चालवले, तर कड तिरपी होते. आता तरी प्लंबरला बोलवावे, हे माझे म्हणणे कायम आहे. नवा वायसरही त्या खळग्यावर घासून काही आठवड्यांत कापला जाईल.

सुरंगी

हे मान्य आहे आणि आज सकाळी त्यांना फोन केला. पूर्वी मी "शॉवर गळतो आहे" एवढेच सांगत असे. मग ते एकदा येऊन पाहून जात, सामान आणायला परत तालुक्याला जात आणि दुसऱ्या फेरीला आठवडा लागत असे. या वेळी गार बाजूचा अर्धा इंची कॉक, वायसर नवा घातलेला, सीटला खळगा, टाकीचा वॉल्व्ह चालू स्थितीत, असे सगळे सांगितले. ते म्हणाले की सीट कटर आणि एक जादा स्पिंडल घेऊन गुरुवारी येतो, काम तासाभराचे आहे. आम्ही शनिवारी मुंबईला निघणार आहोत. शुक्रवारी रात्री पुन्हा बादली ठेवीन आणि सकाळी तिच्यात किती पाणी आहे ते येथे लिहीन.