लिथॉप्सची रोपं आडवी पडतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी पुण्यात राहते, पूर्वेकडची बाल्कनी आहे, सकाळी साधारण ३ तास ऊन येतं. दिवाळीनंतर थंडी सुरू झाली तसं पहिल्यांदाच लिथॉप्सचं, म्हणजे त्या खड्यांसारख्या दिसणाऱ्या छोट्या मांसल झाडांचं, बी पेरलं. बी इतकं बारीक की खसखस मोठी वाटावी, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरवलं, वरून माती टाकली नाही कारण त्याला उजेड लागतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (पांढरे हलके खडे), थोडी नदीची वाळू असं मिक्स होतं, आधी उकळतं पाणी ओतून गार केलेलं, आणि डब्याला प्लास्टिकचं झाकण.

आठव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले, भिंगातून बघितलं तर प्रत्येकाच्या मधे बारीकशी चीर, इतका आनंद झाला म्हणून सांगू! साठेक रोपं होती. पण तिसऱ्या आठवड्यापासून रोज दोन-चार आडवी पडतायत, बुडाशी पाणी उतरल्यासारखी पारदर्शक होतात आणि मातीवर हिरवं शेवाळ धरलंय. आता चाळीसच उरलीत.

मला वाटतं झाकण जास्त दिवस ठेवलं, की कोकोपीटच जास्त झालं? झाकण एकदम काढू की रोज थोडा थोडा वेळ? बुरशीनाशक एवढ्या कोवळ्या रोपांना चालतं का, किती पातळ करून? आणि पाणी खालून ताटलीत देते ते बरोबर आहे ना, किती दिवसांनी द्यायचं? ज्यांनी आपल्याकडच्या हवेत बियांपासून वाढवलीत त्यांनी प्लीज सांगा, उरलेली वाचवायचीच आहेत.